निळ्या खांबावरचं हवामान

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१४ मे २००६

प्रिय सुजातावहिनींस,

क्रांतीचा सप्रेम जय भीम. मी इकडे बरी आहे, तुम्ही सगळे तिकडे बरे असाल असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आईचे गुडघे काय म्हणतात? अक्षताचा सातवीचा निकाल लागला असेल तर मार्क तुम्ही कळवा. तिनं स्वतः कळवले तर थोडे वाढवूनच सांगेल, आत्यावर गेली आहे.

तुमचं पत्र मिळून बरेच दिवस झाले. फोन मधल्या खोलीत आणि घरातले सगळे कान फोनला, म्हणून तुम्ही पत्र लिहिलंत हे कळलं. उत्तराला उशीर झाला तो परीक्षेच्या पेपरांमुळे असं सांगणार होते, पण पेपर तपासून कधीच झाले. उत्तर सुचत नव्हतं, हे खरं कारण.

तुम्ही विचारलंय एवढंसंच. "ज्ञानूतात्यांचं मला पटत न्हाय, आत्तींचं बी न्हाय. तू मोजमाप करणारी बाई. हे हायत का न्हायत, एवढंच सांग. तू म्हणशील ते मी मानीन." मी ते पत्र कपाटात ठेवलंय आणि कपाट उघडायचं टाळते आहे.

गेल्या जुलैत वेदगंगेचं पाणी आपल्या मागच्या पट्टीत चढलं, दादा म्हैस सोडायला गेला, म्हैस पोहत परत आली आणि दादा आला नाही. शरीरही मिळालं नाही. यापलीकडे आपल्या कुणालाच काही माहीत नाही. चुलते म्हणून तात्या आणि तुमच्या आत्ती, म्हणजे आई, म्हणतात, वर्ष होत आलं, भन्तेजींना बोलावून पुण्यानुमोदन करून घेऊ. तुम्ही म्हणता, जित्या माणसाचं पुण्यानुमोदन कसं करायचं. तुम्ही माहेरीसुद्धा गेला नाहीत. अक्षतानं आठवीला माझ्याकडे यायचं, तुम्ही इथल्या वसतिगृहातली नोकरी धरायची, हे सगळं ठरून तुमचा पाय मुरगुडातून निघत नाही, कारण ते आले आणि घर बंद दिसलं तर काय. माझ्या एका शब्दावर तुम्ही हे सगळं टांगून ठेवलंय. वहिनी, मला थोडा वेळ द्या.

कामाचं सांगते. ती स्वस्तातली हवामान यंत्रं कॉलेजानं पुन्हा माझ्या गळ्यात घातली आहेत. तुम्ही पाहिलीच आहेत. एका दांड्यावर सगळा संसार. वर वारा मोजायच्या वाट्या, दिशेचा बाण, पावसाचं नरसाळं आणि खाली एकावर एक ताटल्या, त्यांच्या आत तापमान आणि आर्द्रता. घरात ठेवायचा एक डिस्प्ले, त्यावर हे सगळे आकडे बिनतारी येतात. महागड्या यंत्रांच्या शेजारी ती उभी करायची आणि खोटं किती बोलतात ते बघायचं. गावोगावी बसवावीत इतकी खरी आहेत का, असं एका संस्थेला हवंय. आतापर्यंतचं माझं मत असं की सावलीतलं तापमान बरं सांगतात, रिपरिप पाऊसही बरा सांगतात, पण धो धो पाऊस आला की मोजता मोजता गांगरतात.

गेल्या वर्षी दोन खांब कॉलेजच्या गच्चीवर होते आणि तिसरा दादानं हट्टानं आपल्या मागच्या पट्टीत रोवला होता. खाली सिमेंट घालून, जणू काय पुतळाच बसवायचाय. रोज सकाळी साडेआठला फोन करून आकडे सांगायचा, कारण पावसाचा दिवस आपल्या देशात साडेआठला मोजतात हे मी त्याला सांगितलं होतं. कागलच्या कारखान्यात त्याची त्या वेळेची पाळी असली तर तुम्ही सांगायचात. दुपारी त्याचं तापमान नेहमी दोन-अडीच अंश जास्त. मी डोकं खाजवून थकले. शेवटी मुरगूडला आले तेव्हा बघते तर काय, जयंतीला विहाराच्या फाटकाला मारून उरलेला निळा ऑइलपेंट त्यानं खांबापासून ताटल्यांपर्यंत सगळीकडे फासलेला. ताटल्या पांढऱ्या असतात त्या ऊन परतवण्यासाठी, निळ्या केल्या की त्या तापतात. मी ओरडले तर म्हणाला, "पांढरं काय मयतावर घालायचं हाय व्हय? आपल्या रानात आपला रंग. लांबनं दिसतोय की." मग मी तो रंग तसाच ठेवला आणि दुपारच्या आकड्यातून ती चूक वजा करत राहिले.

त्याचा खांब पुरात गेला, पण डिस्प्ले मधल्या खोलीत राहिला होता तो मी इकडे आणला होता. परवा त्यात सेल घालून पाहिले. चालतो. आकडेही दाखवतो. गच्चीवरच्या एखाद्या खांबाचे धरत असेल, या यंत्रांना आपलं-परकं कळत नाही. तरी दुपारी थोडं जास्त दाखवतो. बघते.

आईला आणि तात्यांना जय भीम. अक्षताला पापा.

तुमची,
क्रांती


मंगळवार पेठ
२५ जून २००६

प्रिय सुजातावहिनी,

सप्रेम जय भीम. तुमचं पत्र आलं, कैऱ्यांचं लोणचं आलं. बरणी एस.टी.त लवंडून अर्धं तेल पिशवीनं खाल्लं, उरलेलं मी खाते आहे. अक्षताचे मार्क बघून आत्या गप्प झाली असं तिला सांगा.

तात्यांचा फोन आला होता. २३ जुलैला रविवार आहे, त्या दिवशी पुण्यानुमोदन धरलंय म्हणाले, आणि सुजाताला तू समजाव, तुझं ती ऐकते. वहिनी, मी त्यांना सांगितलं की जुलै संपेपर्यंत काही धरू नका. का, असं ते विचारत होते. मी म्हटलं, परीक्षा आहे. जुलैत कसली परीक्षा असते हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

तुम्हाला मात्र कारण सांगितलं पाहिजे. निदान जेवढं मला कळलंय तेवढं.

गच्चीवरचे दोन्ही खांब मी एकेक करून बंद केले. दादाच्या डिस्प्लेवरचे आकडे चालूच राहिले. मग वाटलं, कॉलेजजवळ कुणीतरी हौशी माणसानं असाच खांब लावला असेल. म्हणून डिस्प्ले घरी आणला. या यंत्रांचा आवाका फार तर आपल्या घरापासून विहारापर्यंतचा. मंगळवार पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांच्या आसपास असला खांब कुठंही नाही, सगळ्या गच्च्या मी बघून आले. शेजारच्या धोंडुबाईंनी विचारलं, काय हरवलंय, तर माकडं बघते म्हणाले. घरीही आकडे येतात.

आणि ते आकडे इथले नाहीत. जूनच्या सुरुवातीला एका सकाळी आभाळ स्वच्छ होतं, आणि डिस्प्लेवर पाऊस सुरू झाला. मिनिटभर धो धो, मग बंद. मी हातात चहाचा कप घेऊन खिडकीतून आभाळाकडे बघत राहिले. हा पाऊस मी आधी कुणाकडून तरी ऐकलाय असं वाटलं, आणि मग आठवलं. वहिनी, गेल्या जूनमध्ये दादानं फोन केला होता, की आज पावसाचा आकडा धरू नको, कावळ्यानं नरसाळ्यात घाण केली होती म्हणून तांब्याभर पाणी ओतून धुतलंय. तोच दिवस. मी गेल्या वर्षीचा तक्ता काढून लावून पाहिला. तारीख तीच, आकडा तोच.

तेव्हापासून रोज लावून बघते. प्रत्येक सकाळी साडेआठला डिस्प्ले जे दाखवतो, ते दादानं गेल्या वर्षी त्याच तारखेला मला फोनवर सांगितलेलं असतं. दुपारी ऊन पडलं की तीच निळ्या रंगाची चूक. दुसऱ्या कुठल्याही खांबाची ही चूक असू शकत नाही, कारण असला उद्योग दुसऱ्या कुणी केलेला नाही. यंत्र बरोबर असलं की ते कुठलंही असू शकतं. चुकायला लागलं की ते कुणाचं आहे ते कळतं.

पहिल्यांदा मी फार घाबरले. डिस्प्ले कापडात गुंडाळून धान्याच्या डब्यात ठेवला. मग वाटलं, दादा रोज फोन करायचा आणि मी घाईत असले तर आकडे लिहून घेऊन फोन ठेवायची. आता डिस्प्ले ओट्यावर ठेवलाय. स्वयंपाक करता करता बघते. इकडे यंदा पावसाचा पत्ता नाही, आणि माझ्या ओट्यावर मुरगुडात झड लागली आहे. काल मी डिस्प्लेवरचा पाऊस बघून छत्री घेऊन बाहेर पडले, लोक माझ्याकडे बघायला लागले.

तुम्ही म्हणाल, मग त्याला काहीतरी सांग की. तेच जमत नाही. या यंत्रांत खांब बोलतो आणि डिस्प्ले ऐकतो. उलटं काही जात नाही. स्वस्त यंत्र आहे, त्यात ती सोयच केलेली नाही.

मी खुळी झाले असं वाटत असेल तर तसं लिहा, राग येणार नाही. पण जुलै संपेपर्यंत माझ्याकडून उत्तर मागू नका, आणि का ते आत्ताच विचारू नका. आईला यातलं काही सांगू नका.

तुमची,
क्रांती


मंगळवार पेठ
२८ जुलै २००६

वहिनी,

जय भीम. आज खुशाली विचारत नाही. अक्षता शाळेत आणि आई शेजारी गेल्यावर, एकट्या असताना वाचा. मध्येच ठेवून देऊ नका, शेवटपर्यंत वाचा.

उत्तर आधी देते. दादा नाही. तो गेल्या वर्षी २७ जुलैला दिवेलागणीच्या वेळी गेला. तात्या अंदाजानं म्हणतात, मी अंदाजानं म्हणत नाही.

मागच्या पत्रात मी जे लिहायचं टाळलं ते हेच. डिस्प्ले गेल्या वर्षीचा एकेक दिवस दाखवतोय म्हटल्यावर तो त्या दिवसापर्यंतही येणार, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्या दिवशी गल्लीतले सगळे सकाळीच शाळेत हलले होते. आपलं घर मोकळं होतं आणि मधल्या खोलीत हा डिस्प्ले एकटाच चालू होता. त्यानं काय दाखवलं ते बघायला कुणी नव्हतं. म्हणून तुम्हाला थांबवून ठेवलं.

काल मी रजा टाकली. डिस्प्लेसमोर स्टूल घेऊन बसले. बाहेर कोरडं होतं, रस्त्यावर भाजीवाल्याचा आवाज, धोंडुबाईंचा टीव्ही. डिस्प्लेवर पाऊस पडत होता आणि वारा घोंघावत होता. दादा म्हैस सोडायला गेला तो भर दुपारी, एवढं आपल्याला माहीत आहे. मी वाट बघत होते की केव्हातरी सगळे आकडे एकदम जातील. खांब पडेल, पाण्यात जाईल, संपेल. झटकन झालं असं तुम्हाला लिहिता येईल, असं मनात धरून बसले होते.

आकडे गेले नाहीत. आधी फक्त वारा थांबला, एकदम शून्यावर. मला वाटलं खांब पडला. पण तापमान येत होतं, म्हणजे खांब उभा होता. मग पाऊस थांबला. त्या दिवशी पाऊस थांबला नव्हता हे मी तुम्हाला सांगायला नको. नरसाळ्यावर काहीतरी आलं होतं, वाऱ्याच्या वाट्यांना काहीतरी धरून होतं.

आणि मग तापमान चढायला लागलं. बावीस होतं, ते सत्तावीस झालं, एकतीस झालं, चौतीसच्या थोडं वर जाऊन थांबलं. निळ्या रंगानं आकडा चढतो, पण त्याला ऊन लागतं, आणि त्या दिवशी ऊन कुठलं? मी ओट्याला धरून उभी राहिले. वहिनी, मी मुलांना उष्णता शिकवते. पुराच्या पाण्यात, असल्या पावसात चौतीस अंशाची एकच वस्तू असू शकते.

दादानं खांबाला मिठी मारली होती. सिमेंटमध्ये रोवलेला होता म्हणून तो धरता आला. छाती ताटल्यांना टेकलेली, डोकं नरसाळ्यावर. किती वेळ, ते मी आकड्यात लिहीत नाही. दुपारपासून दिवे लागेपर्यंत.

आता जे लिहिते ते लिहावं की नाही यावर मी सकाळपासून बसून आहे. "दादा नाही" एवढं लिहून पाकीट बंद करता आलं असतं. तुम्ही शब्द दिलाय, तुम्ही मानलंही असतंत. पण त्या दुपारी तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात काय म्हणत होता ते आईनं मला सांगितलं होतं. "ते तिथंच हायत. निळं दिसतंय मला, त्येला कायतरी काळं लागलंय. पाण्यात नाव घाला." आणि तात्यांनी तुम्हाला दंडाला धरून आत नेलं. "पोरी, गेलं ते गेलं. त्येच्या मागं आणि चौघं घालवू काय?" बायकांनी तुमच्या तोंडावर पाणी मारलं. तिचं डोकं फिरलंय असं सगळे म्हणाले, आणि वर्षभर तसंच म्हणत आले. तुम्ही स्वतःही आताशा तसंच समजता, मला लिहिलं होतंत, की मला तवा भास झाला असंल.

भास नव्हता. तुम्ही बरोबर बघत होता. तो तिथंच होता.

हे कळल्यावर तुम्हाला जास्त दुखेल हे मला कळतं. मला दुखतंय. नाव गेली असती तर मिळाला असता का, हे मला माहीत नाही. पाण्याला काय ओढ होती ते तापमानाच्या यंत्रातून कळत नाही, आणि तात्यांना बाकीच्या पोरांचा जीव मोजायचा होता हेही खरं. त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी सांगणार नाही. म्हातारा माणूस आहे, आणि त्या दिवसापासून तो नदीकडं तोंड करून बसत नाही, हे आपण दोघींनीही बघितलंय.

संध्याकाळकडे आकडा उतरायला लागला. हळूहळू. तेहतीस, मग एकतीस. एकदा थोडा चढला, मग परत उतरला. मी डिस्प्ले उचलून पोटाशी धरला. ऐकू जाणार नाही हे मीच तुम्हाला लिहिलं होतं, तरी मी बोलत होते. म्हैस पोचली म्हणून सांगितलं. सुजातावहिनी तुला बघतायत म्हणून सांगितलं. अक्षता शाळेत आहे, कोरडी आहे, आईच्या मांडीवर झोपली आहे. धोंडुबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, मला कळलं नाही. "कुणासंगं बोलायलीस गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, दादासंगं. त्या आत आल्या, माझ्या शेजारी भुईवर बसल्या आणि त्यांनीही आकड्याकडे बघायला सुरुवात केली. काय बघतोय ते त्यांनी विचारलं नाही.

बाहेर दिवे लागले तेव्हा वाऱ्याच्या वाट्या पुन्हा फिरायला लागल्या. मग पाऊस पुन्हा मोजला जाऊ लागला, थेंब थेंब आणि मग भरभरून. तापमान बावीसवर आलं. त्यानं हात सोडला होता.

खांब त्यानंतरही काही वेळ उभा होता. मग सगळ्या आकड्यांच्या जागी रेघा आल्या. मी सेल बदलून पाहिले, आज सकाळी साडेआठलाही पाहिलं. रेघाच आहेत. माझ्या अहवालात यातलं काही जाणार नाही. तिथं मी एवढंच लिहिणार आहे की ही यंत्रं तापमान विश्वास ठेवण्याइतकं खरं सांगतात.

तुम्ही मला माझा शब्द मागितला होता, तो मी दिला. आता पुण्यानुमोदनाला बसा. मी पुढच्या रविवारी सकाळच्या एस.टी.नं येते, भन्तेजींना मीच निरोप देते. तुमच्या शेजारी मी बसेन, आणि तुम्हाला रडू आलं तर कुणी तुम्हाला आत नेणार नाही हे मी बघेन. कार्यक्रम झाला की तुम्ही आणि अक्षता माझ्याबरोबर कोल्हापूरला चला. आईलाही घेऊ. वसतिगृहातली जागा अजून भरलेली नाही.

आणि लोक म्हणतात तसं, बिचारा एकटाच गेला, असं यापुढं कुणाचं मानू नका. तुम्ही व्हरांड्यातून बघत होता. मी वर्षभर उशिरा पोचले, पण पोचले.

त्याच्या शेवटच्या संध्याकाळी त्याला पोटाशी धरून बसलेली,
तुमची क्रांती